गळाला मनाई, मच्छरदाणीला मोकळीक

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

नाशिक तालुक्याच्या पश्चिम भागातील आमच्या गावच्या पाझर तलावावर नुकताच ‘मासे पकडण्यास सक्त मनाई आहे’ असा फलक लागला. आसपासच्या काही गावांतही असाच विचार चालू असल्याचे ऐकतो. तलावातले मासे संपत चालले आहेत आणि मुले पाण्याच्या काठाला जातात, अशी दोन कारणे त्यासाठी दिली जातात, आणि ती दोन्ही खरी आहेत. मात्र या फलकाने ज्यांना अडवले ते गळ टाकणारे लोक मासे संपवणारे नव्हेत, आणि जे खरोखर संपवतात त्यांच्यापैकी एकाचेही काम या फलकामुळे थांबलेले नाही. ज्यांच्या गावात असे तळे आहे त्या वाचकांपर्यंत, विशेषतः ग्रामपंचायत सदस्यांपर्यंत, हे म्हणणे पोहोचावे म्हणून हा पत्रप्रपंच.

मी द्राक्षबागायतदार आहे आणि सवड मिळेल तेव्हा गळ टाकून बसणाराही आहे. त्यामुळे तळ्यावर पंप घेऊन येणारा आणि गळ घेऊन येणारा, हे दोघेही मला जवळून माहीत आहेत.

आमचा तलाव १९७२ च्या दुष्काळी कामांतला. मातीचा भराव, एका अंगाला दगडी सांडवा, वरच्या अंगाला ओहोळ. जिल्ह्यात अशी तळी गावोगाव दिसतील. ती बांधली गेली विहिरींना पाझर मिळावा म्हणून. मासे हा पुढचा लाभ. त्यांतले मरळ, वांब, शिंगटी, झिंगे असे काही ओढ्याच्या पाण्याने आपसूक आलेले आहेत, तर कटला, रोहू, मृगळ हे माणसाने बीज आणून सोडलेले. हा फरक लक्षात घेतल्याशिवाय ‘मासे संपले’ या तक्रारीचा उलगडा होत नाही. कटला-रोहूसारखे मासे पुराच्या वाहत्या पाण्याखेरीज सहसा अंडी घालत नाहीत. साचलेल्या तळ्यात ते पोसले जातात, वाढतात, पण त्यांची पुढची पिढी तेथे तयार होत नाही. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात पियुषग्रंथीचा अर्क टोचून या जातींचे प्रजनन घडवून आणले, तेव्हापासून त्यांचे बीज केंद्रांवर तयार करण्याचा मार्ग मोकळा झाला, आणि म्हणूनच देशात १० जुलै हा मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. थोडक्यात, तळ्यातला रोहू संपला तर बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, आणून सोडता येते. मरळ आणि वांब यांचे तसे नाही. त्यांची वीण त्याच तळ्याच्या काठच्या गवतात, दगडांच्या कपारीत होते, आणि ती एकदा मोडली की बाजारातून विकत आणून भरून काढणे आमच्यासारख्या गावाला शक्य होत नाही.

आता गळ टाकणारे कोण, ते पाहू. द्राक्षाच्या छाटणीला, विरळणीला आणि डिपिंगला (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवण्याला) सुरगाणा, पेठ या तालुक्यांतून मजूर कुटुंबे आमच्याकडे येतात आणि हंगामभर बागेच्या कडेला झोपड्या करून राहतात. त्यांच्यातली माणसे दिवस मावळता मावळता तळ्यावर येतात. साहित्य म्हणजे पाण्याच्या रिकाम्या बाटलीला गुंडाळलेला तंगूस (नायलॉनचा बारीक दोरा), टोकाला बारीक गळ, शिसे नसेल तर वजनाला एखादा जुना नट, आणि ठिबकच्या ओल्या मातीतून उकरलेली गांडुळे. बाटली डाव्या हातात आडवी धरून उजव्या हाताने वजन भिरकावले की तंगूस बाटलीवरून सरसर सुटत जातो. मग तो बोटावर ताणून धरायचा आणि ओढ कळेपर्यंत बसून राहायचे. नशीब असेल तर रात्रीच्या कालवणापुरते मिळते. याशिवाय गावातली बांबूची काठी घेऊन बसणारी चार म्हातारी माणसे, आणि रविवारी शहरातून रॉड-रिळ घेऊन येणारे काही हौशी तरुण. एका गळाला एका वेळी एकच मासा लागतो, तोही गळ तोंडात मावेल एवढाच, आणि लहान निघाला तर ओल्या हाताने सोडवून जिवंत परत पाण्यात सोडता येतो. असली मासेमारी एखाद्या तळ्याचा तळ खरवडून काढील, हे मला तरी पटत नाही.

तळ खरवडला जातो तो पावसाळ्यात, आणि त्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही, कारण त्यात आपलीच माणसे असतात. मृगाचा पाऊस होऊन ओहोळ वाहू लागला की नव्या पाण्याला मासे चढतात. ही वेळ त्यांच्या विणीची. पोटात गाभोळी भरलेल्या माद्या ओहोळाच्या तोंडाशी, गुडघाभर पाण्यात येतात आणि तेथेच जुन्या मच्छरदाण्या आडव्या बांधलेल्या असतात. मच्छरदाणीच्या आसातून, म्हणजे जाळीच्या छिद्रातून, करंगळीएवढे पिल्लूही सुटत नाही. चढणीच्या माशांची चव न्यारी, हे मलाही मान्य आहे आणि आमच्या भागात तो जिभेचा सोहळाच असतो. पण एक गाभोळीची मादी म्हणजे हजारो अंडी, हा हिशोब सोहळ्याच्या दिवशीही करायला हवा. समुद्रातल्या यांत्रिक मासेमारीला आपले राज्य १ जून ते ३१ जुलै बंदी घालते. गावतळ्यालाही त्याच सुमारास दोन महिन्यांची विश्रांती देण्यात अवघड काही नाही.

मरळीचे उदाहरण मुद्दाम देतो. पावसाळ्याच्या तोंडाशी मरळीची जोडी काठच्या पाणगवतात जागा मोकळी करते, तेथे अंडी तरंगत राहतात आणि पिल्ले बाहेर पडली की पालक मासे त्यांच्या खालून फिरत त्यांची राखण करतात. आमच्या तलावाच्या सांडव्याजवळ थोडा वेळ उभे राहिले तर हे दिसते. हातभर रुंदीचा तांबूस-केशरी पुंजका पाण्याच्या वरच्या थरात सरकत असतो, मधूनच सगळी पिल्ले हवा घ्यायला एकदम वर येतात आणि तेवढ्याच जागेत पाऊस पडल्यासारखे पाणी थरारते. पुंजक्याखाली काळी सावली हलते, ती मोठी मरळ. अशा वेळी ती पिल्लांपासून लांब जात नाही, म्हणून तिला मारणे अगदी सोपे असते, आणि लोक नेमके तेव्हाच मारतात. राखणदार गेला की काही दिवसांत बगळे, पाणकावळे आणि इतर मासे मिळून तो सगळा पुंजका फस्त करतात. गळकऱ्यांपैकीही काही जण पुंजक्यावरून बेडकी ओढून मरळीला डिवचतात. त्यांनाही बंदी असलीच पाहिजे. हौशी आहेत म्हणून सूट नको.

दुसरी गोष्ट माझ्या स्वतःच्या व्यवसायाची आहे, आणि ती लिहिल्याबद्दल काही स्नेही रागावतील. ऑक्टोबर छाटणीनंतर डाउनी, भुरी हे बुरशीचे रोग आणि फुलकिडे यांच्यासाठी द्राक्षबागांवर फवारण्यांचा धडाका असतो. तळ्याच्या काठची बाग असेल तर ब्लोअरची टाकी तळ्यावरच भरली जाते आणि फवारणी संपल्यावर तेथेच धुतली जाते. बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकातले मोरचूद माशांना घातक आहे. फुलकिड्यांसाठी वापरले जाणारे लॅम्ब्डा सायहॅलोथ्रिन आणि त्या गटातली इतर कीटकनाशके तर मासे व झिंगे यांना अत्यल्प मात्रेतही मारक ठरतात. याहून वाईट प्रकार नकळत घडतो. टाकी भरताना पाइपचे तोंड आतल्या औषधात बुडालेले असते, मध्येच वीज जाते, मोटार थांबते आणि टाकीतले मिश्रण त्याच पाइपाने उलटे तळ्यात उतरते. उपाय साधा आहे. आधी साधे पाणी भरावे आणि औषध टाकी तळ्यापासून दूर नेल्यावर कालवावे, पाइपचे तोंड पाण्याच्या पातळीच्या वर टांगावे, आणि टाकीचे धुणे बागेतच फवारून संपवावे. राज्य शासनाने २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. तेव्हा एका शेतीचे औषध दुसऱ्या शेतीत जाऊ नये, एवढे तरी आपण मान्य करायला हवे.

मासे मरून तरंगले की गावात पहिला संशय ‘कोणीतरी विष टाकले’ असाच घेतला जातो, आणि त्यावरून भावकीत भांडणे होतात. पुष्कळदा विष नसतेच. शेवाळाने हिरवेगार झालेल्या पाण्यात रात्रभर प्राणवायू खर्च होत राहतो आणि पहाटेस तो सर्वांत कमी असतो; सलग ढगाळ दिवस आले किंवा वळवाच्या पहिल्या सरीने तळाचा गाळ ढवळून निघाला तर तो आणखी घटतो. अशा वेळी मासे पहाटे पृष्ठभागावर तोंडे उघडून धापा टाकताना दिसतात, बहुधा मोठे मासे आधी मरतात आणि मरळीसारखे वरची हवा घेणारे वाचतात. कीटकनाशक उतरले असेल तर दिवसाच्या कोणत्याही वेळी लहान पिल्ले, झिंगे आणि पाणकिडे आधी मरतात. हे पाहून कोणी तरी लगेच सांगायला हवे, तरच पाण्याचा नमुना वेळेत घेता येतो. पहाटे आणि सांजवेळी तळ्यावर असतो कोण, तर गळ टाकणारा. त्याला हुसकावून लावले की तळ्याचा तेवढा एक पहारेकरी कमी होतो. रात्री बॅटरी आणि इन्व्हर्टरचा करंट पाण्यात सोडून मासे मारणाऱ्यांनाही हेच हवे आहे, म्हणजे तळ्यावर कोणी नसण्याची सोय हवी आहे. स्फोटके आणि विष वापरून मासे मारणे इंग्रजांच्या काळातील १८९७ च्या कायद्यानेच गुन्हा ठरवले होते. त्या काळी दंड होता २०० रुपयांपर्यंत. कायद्याची वानवा आपल्याकडे कधीच नव्हती, बघणाऱ्याची होती.

उन्हाळ्याचा प्रश्न वेगळा. एप्रिल-मेमध्ये तळे आटते, त्यात आजूबाजूच्या मोटारी शेवटच्या थेंबापर्यंत पाणी ओढतात आणि मासे उरलेल्या डबक्यात गोळा होऊन तेथेच संपतात. बागेला पाणी नको असे मी म्हणणार नाही. म्हणण्याची माझी प्राज्ञाही नाही. पण ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत तळ्याचा गाळ काढताना पोकलेनने तळ सपाट करण्याऐवजी भरावाच्या पायथ्यापासून सुरक्षित अंतर राखून एका जागी खोल डोह ठेवला, आणि त्या डोहातले पाणी कोणी उपसू नये असे ठरले, तर पावसाळ्यापर्यंत माशांचे बेणे शिल्लक राहते. ओहोळाच्या तोंडाची लव्हाळी आणि दगडगोटेही यंत्राने साफ करू नयेत. तळे ‘स्वच्छ’ दिसावे या हौसेपायी विणीची जागाच आपण ट्रॉलीत भरून नेतो.

ठेक्याबद्दल थोडक्यात. तळे एका वर्षाच्या बोलीने दिले की घेणारा मे महिन्यापर्यंत शेवटची बोटुकलीही काढून नेतो, कारण पुढच्या वर्षी तळे त्याच्याकडे असेल याची खात्री नसते. हा त्याचा दोष नसून बोलीचा आहे. ठेका काही वर्षांचा असावा, तो देताना स्थानिक मच्छीमार संस्थेला प्राधान्य मिळावे, जाळ्याच्या आसाचा किमान आकार मत्स्यव्यवसाय विभागाला विचारून करारातच लिहावा, आणि गळाने मासे धरण्याचा गावकऱ्यांचा व मजुरांचा हक्क ठेक्याबाहेर राखून ठेवावा.

कोणते बीज सोडायचे, याबाबतही घाई दिसते. तिलापिया १९५२ मध्ये आपल्या देशात आणला गेला. तो पिल्ले तोंडात सांभाळतो, वर्षातून अनेकदा वितो आणि थोड्याच काळात लहान तळे खुरट्या माशांनी भरून टाकतो. थाई मांगूरवर केंद्राने २००० सालीच बंदी घातली, तरी तो चोरून पाळला जातो आणि पुरात सुटून ओढ्याला लागतो. घरच्या काचेच्या टाकीत मोठा झालेला सकर मासा ‘जीव वाचवला’ या समाधानात तळ्यात सोडणारे शहरवासी तर आता पुष्कळ झाले. परदेशी मासाच वाईट आणि देशी असला की चालतो, असेही समजू नये. आपल्या सह्याद्रीतला खुद्री महाशीर लोणावळ्याच्या वळवण येथील केंद्रात वाढवून देशभर पाठवला गेला, हे मोठेच काम होते. परंतु तोच मासा कावेरीत सोडल्यावर तेथल्या मूळच्या कुबड्या महाशीरच्या मुळावर आला, आणि तो कुबडा महाशीर आज अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत आहे. आमच्या तळ्यात काय आहे हे न पाहता वरून काहीही ओतणे म्हणूनच थांबले पाहिजे. जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. त्या नोंदवहीत वड, पिंपळ, मोर यांची नावे असतात. माशांचे पान बहुतेक ठिकाणी कोरे असावे असा माझा कयास आहे. ते भरायला गावातल्या जुन्या गळकऱ्यांना बसवावे, त्यांच्याइतकी माहिती दुसऱ्या कोणाकडे नाही.

मुलांच्या सुरक्षिततेचा मुद्दा मी हलका मानत नाही. मात्र पाझर तलावाचा काठ उतरता असतो आणि पाय टेकत टेकत बाहेर येता येते. खरा धोका आहे तो प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यांचा, ज्यांची संख्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेनंतर आपल्या जिल्ह्यात झपाट्याने वाढली. ओल्या प्लास्टिकच्या उतारावर पट्टीच्या पोहणाऱ्यालाही पकड मिळत नाही. तेथे कुंपण हवे, आणि चारही बाजूंनी पाण्यापर्यंत पोहोचणारा गाठी मारलेला दोर व हवा भरलेली ट्यूब कायम बांधलेली हवी. तळ्याच्या मनाईफलकावर झालेल्या खर्चात असे बरेच दोर आले असते.

गळ टाकणाऱ्यांवरही नियम हवेत, हे सांगायला मला संकोच नाही. तुटलेला तंगूस काठावर टाकून जाणे बंद झाले पाहिजे. बगळ्यांच्या आणि टिटव्यांच्या पायांत तो अडकतो आणि पाय कापला जातो. नांदूर मध्यमेश्वरला २०१९ मध्ये राज्यातील पहिल्या रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, मान मिळाला, याचा आपल्याला अभिमान आहे, पण पक्षी तेवढ्या एकाच पाण्यावर उतरत नाहीत. कणकेच्या गोळ्यांच्या पिशव्या, बाटल्या, गुटख्याच्या पुड्या यांचेही तेच. मजूर कुटुंबांकडून शुल्क घेऊ नये. शहरातून हौसेने येणाऱ्यांकडून मात्र दिवसाचे माफक शुल्क घेऊन त्याची पावती द्यावी आणि तो पैसा मत्स्यबीजाला लावावा. आम्ही तो आनंदाने देऊ.

हे सर्व येत्या १ मेच्या ग्रामसभेत ठरावाने होऊ शकते, म्हणजे पावसाळ्यापूर्वी अंमल सुरू होईल. ठराव लांबलचक नको. मृगापासून दोन महिने सर्व प्रकारची मासेमारी बंद. मच्छरदाणी, करंट आणि विष बारा महिने बंद. पिल्लांवरची मरळ धरणे बंद. टाकी तळ्यावर धुणे बंद. एरवी गळाला मोकळीक. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर यांसारख्या अनुसूचित क्षेत्रातील गावांना तर लहान जलाशयांच्या व्यवस्थापनाचा अधिकार १९९६ च्या पेसा कायद्यानेच दिलेला आहे. त्यांना आमच्या आधी आणि आमच्याहून अधिक ठामपणे हे करता येईल.

मत्स्यव्यवसाय विभागाला एक विनंती करतो. बोटुकली मोठ्या जलाशयांच्या ठेकेदारांना ज्या प्रमाणात मिळते, त्या मानाने लहान तळ्याला लागणारे थोडेसे बीज मिळवताना ग्रामपंचायतीची दमछाक होते आणि मग ती जो विक्रेता दारात येईल त्याच्याकडून, जातीची खात्री न करता, पिशव्या विकत घेते. जुलै-ऑगस्टमध्ये तालुक्याच्या ठिकाणी ठरलेल्या दिवशी कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली कमी संख्येतही विकत मिळेल अशी व्यवस्था करावी, त्या दिवसाची तारीख आपल्यासारख्या दैनिकांतून आधी कळवावी, आणि पिशवीतले बीज सोडण्यापूर्वी ती तळ्याच्या पाण्यात थोडा वेळ तरंगत ठेवून आतले-बाहेरचे तापमान सारखे होऊ द्यावे, एवढी एक सूचना पावतीच्या मागे मराठीत छापावी.

कळावे,
आपला विश्वासू,
एक द्राक्षबागायतदार वाचक, ता. जि. नाशिक